मावशींनी वाड्यातल्या खोल्या सोडाव्यात का? कमी मिळकतीत ज्येष्ठांच्या घराचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावशींचं वय 67, यजमान 2011 मध्ये गेले. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत त्या 1979 पासून राहतात. भाडं महिना 85 रुपये, पावती अजूनही काकांच्याच नावाने फाटते. मालकाने वाडा बिल्डरला दिलाय आणि बिल्डरचा माणूस ‘तीन लाख घ्या, दिवाळीआधी खोल्या सोडा’ म्हणून खेटे घालतोय. मावशींना छापखान्यातल्या बाइंडिंगच्या नोकरीची पीएफची पेन्शन 1,850 रुपये येते आणि पतसंस्थेत चार लाखांची ठेव आहे. मुलगा चाकणला, वन बीएचके, पदरात दोन मुलं. एवढ्या पैशांत पुण्यात स्वस्त घर कुठे मिळेल, म्हाडात नंबर लागेल का, नाहीतर सरकारी वृद्धाश्रम कसा शोधायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्य केंद्रात काम करतो. भाडं, पोटगी, पेन्शन याच प्रकरणांत दिवस जातो. माझं उत्तर तुम्हाला उलट्या टोकाकडून आल्यासारखं वाटेल: घर शोधणं तूर्त थांबवा आणि भाडेपावत्या शोधा. पुण्यात मावशींना परवडेल असं एकच घर आहे आणि त्या सध्या त्यातच बसलेल्या आहेत.

आधी हिशेब बघा. समजा त्यांनी तीन लाख घेतले. ते आणि पतसंस्थेतले चार मिळून सात लाख झाले. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्के दराने त्यावर वर्षाला 57,400 रुपये, म्हणजे महिन्याला 4,783 रुपये सुटतात. पेन्शन धरून 6,633. आता धायरी, कात्रज, लोहगाव, कुठेही एक खोली-स्वयंपाकघर बघायला जा. आठ हजारांच्या खाली राहण्याजोगं काही मला तरी सध्या दिसत नाही, वर डिपॉझिट आणि एजंटची एका महिन्याची दलाली. म्हणजे भाड्यातच सगळं संपलं आणि डाळ-तांदूळ-गोळ्या मुद्दलातून. मुद्दल पाच-सहा वर्षांत आटेल आणि तेव्हा मावशी 73 वर्षांच्या असतील. तीन लाख हा आकडा एकदम हातात येतो म्हणून मोठा वाटतो, एरवी तो काही मोठा नाही.

आता हक्काचं बघू. बिल्डरचा माणूस बहुधा त्यांना सांगत असेल, ‘पावती काकांच्या नावावर आहे, काका गेले, तुमचा संबंध संपला.’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की कुठेतरी त्याचा वर्ग भरत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. बायको नवऱ्याबरोबर त्याच घरात राहत होती, हे सिद्ध करायला रेशनकार्ड आणि मतदारयादी पुष्कळ झाली. पावतीवरचं नाव बदललं नाही म्हणून हक्क जात नाही. वाडा विकला गेला, विकसन करारावर दिला गेला, तरी नवा मालक जुन्या भाडेकरूंसकट तो घेतो. जोवर मावशी भाडं देतात किंवा द्यायला तयार आहेत आणि भाड्याच्या इतर अटी पाळतात, तोवर कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांखेरीज आणि न्यायालयाच्या हुकुमाखेरीज त्यांना बाहेर काढता येत नाही. पुण्यात हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. ‘भाडेकरू’ आणि ‘लिव्ह अँड लायसन्सवाले’ यांत लोक फार गल्लत करतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही, त्याची मुदत संपली की मालक दुप्पट दराने पैसे मागू शकतो. मावशी त्या गटातल्या नाहीत.

हा हक्क मात्र हलगर्जीपणाने जाऊ शकतो, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तो जातो तो बहुतेक तीन वाटांनी.

पहिली वाट भाड्याची. वाडा बिल्डरकडे गेला की मालक भाडं घेणं बंद करतो. म्हातारी माणसं म्हणतात, ‘तेच घेत नाहीत, आपण काय करणार?’ आणि दोन वर्षांनी थकबाकीची नोटीस येते. मालकाने नाकारलं तरी भाडं दर महिन्याला पाठवायचंच. त्याचा खाते क्रमांक असेल तर बँकेतून, नसेल तर मनीऑर्डर आणि सोबत स्पीड पोस्टाने दोन ओळींचं पत्र. परत आलेली मनीऑर्डर फेकू नका, न्यायालयात तिला पावतीइतकंच वजन असतं. समजा नोटीस आलीच तर घाबरू नका. लेखी नोटिशीनंतर 90 दिवस थांबल्याशिवाय मालकाला थकबाकीचा दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासकट भरली, तर त्या कारणावरून ताबा जात नाही. 85 रुपये भाड्याच्या घरात ही रक्कम किती होणार! प्रश्न पैशांचा नसतोच, पाकीट न फोडता कपाटावर ठेवून देण्याचा असतो.

दुसरी वाट कुलपाची. ‘आई, पावसाळाभर आमच्याकडे ये,’ म्हणून मुलगा घेऊन जातो, आणि पावसाळ्याचं वर्ष होतं. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल तर त्या कारणावर मालक ताबा मागू शकतो. चाकणला जायचं तर जरूर जा, पण येऊन-जाऊन राहा. गॅस, वीज, दूध चालू राहू द्या. महावितरणचं बिल शून्य युनिटचं यायला लागलं की समोरच्या वकिलाचं निम्मं काम झालं.

तिसरी वाट सोबतीची. एकटीला भीती वाटते म्हणून एखादी नोकरी करणारी मुलगी ‘कॉट बेसिस’वर ठेवायची आणि तिच्याकडून दोन हजार घ्यायचे. विचार चांगला आहे, पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय तसं केलंत तर पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप आयता मिळतो. नात्यातली मुलगी शिकायला येऊन राहिली तर गोष्ट वेगळी.

पाणी तोडणं, जिन्यातला दिवा काढून नेणं, संडास बंद करणं हे प्रकारही होतात. आवश्यक सोयी तोडायला कायद्यात बंदी आहे, त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. पहिल्या दिवशीच फोटो काढा आणि लेखी तक्रार करा. चार महिने सोसून मग आलात की ते शाबीत करणं अवघड होतं.

आता कागद. एक पत्र्याची पेटी घ्या आणि तिच्यात हे जमवा: जुन्यात जुनी आणि अलीकडची भाडेपावती, काकांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, दोघांची नावं असलेली जुनी मतदारयादी, वीजबिलं, गॅसचं पुस्तक. पुणे महापालिकेच्या मिळकतकर विभागातून वाड्याच्या आकारणीचा उतारा काढा. जुन्या वाड्यांच्या आकारणीत भाडेकरूंची नावं आणि भाडं लिहिलेलं असतं, आणि तो कागद महापालिकेचा असल्यामुळे कुणी खोटा म्हणू शकत नाही. वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकतीच्या मालकीचा सरकारी उतारा, ऑनलाइन मिळतं, ते बघितलं की मालक आज नक्की कोण आहे ते कळतं. दारात येणाऱ्या माणसाकडे सही करण्याचा अधिकार आहे की तो नुसता दलाल आहे, हे ताडायलाही त्याची मदत होते. बऱ्याचदा दलालच निघतो.

वाडा खरोखर मोडकळीला आला असेल तर? इथे मी हट्टाला पेटू नका असंच सांगेन. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि तुळई खचली असेल तर 67 वर्षांच्या बाईने हक्कासाठी जीव धोक्यात घालू नये. पण बाहेर पडण्याआधी आपण कोण, कोणत्या खोल्या, लांबी-रुंदी किती, याची लेखी नोंद महापालिकेकडून घ्या. सगळ्या भाडेकरूंनी मिळून मागितलं तर ते लवकर होतं. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क मरत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय: भाडं जमिनीशीही बांधलेलं असतं, बांधकाम गेलं तरी नातं उरतं. ‘वाडा पडला की तुम्ही रस्त्यावर’ ही धमकी कायद्यापुढे टिकत नाही. माणूस घाबरून सही करतो म्हणूनच ती चालते.

माझ्या मते मावशींनी तीन लाखांऐवजी नव्या इमारतीत जागा मागावी. बिल्डरला जुने भाडेकरू नव्या इमारतीत घेतले की जादा बांधकामाची सवलत मिळते, त्यामुळे तो दाखवतो तितका नाखूश नसतो. मावशी एकट्या आहेत, वय झालंय, पैशांवर भागेल, असा त्याचा अंदाज आहे इतकंच.

बिल्डरकडून येणाऱ्या कराराच्या मसुद्याचं एक पान जवळून दाखवतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. ‘भाडेकरूस अंदाजे 300 चौ. फूट बिल्टअप क्षेत्राची सदनिका, विकसकाच्या सोयीनुसार मजल्यावर, परवानग्या मिळाल्यानंतर शक्य तितक्या लवकर देण्यात येईल.’ वाक्य एकच आहे, पण फसायच्या जागा चार. ‘अंदाजे’ काढून नेमका आकडा घाला. ‘बिल्टअप’च्या जागी ‘कार्पेट’ लिहा, नाहीतर भिंतींची जाडीही तुमच्या माथी. मजला आणि सदनिकेचा क्रमांक नकाशासकट जोडा. आणि ‘शक्य तितक्या लवकर’च्या जागी महिने लिहा, उशीर झाला तर दर महिन्याला काय देणार तेही लिहा. बांधकाम चालू असेपर्यंतचं भाडं दरवर्षी वाढणारं हवं आणि त्याचे धनादेश आगाऊ हवेत. सामान हलवण्याचा खर्च आणि दलाली वेगळी. हा करार ‘कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार’ म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असला पाहिजे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेल्या कागदाच्या भरवशावर खोल्या सोडू नका. त्या बिल्डरचे आधीचे प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर बघा, किती रखडलेत ते तिथे दिसतं. जमलं तर त्याच्या एखाद्या पूर्ण झालेल्या इमारतीत जाऊन जुन्या भाडेकरूंना गाठा. खरी माहिती तिथे जिन्यातच मिळते.

एक मुद्दा जवळजवळ सगळेच विसरतात, देखभाल खर्च. आज मावशी 85 रुपये देतात. नव्या इमारतीत लिफ्ट, वॉचमन, पाण्याचा पंप धरून सोसायटी महिन्याला दोन-अडीच हजार मागेल. घर फुकट मिळालं आणि मेंटेनन्स परवडला नाही म्हणून ते विकून निघून गेलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून वाटाघाटीत थोडी जागा कमी मिळाली तरी चालेल, पण एकरकमी कॉर्पस, म्हणजे व्याजातून मेंटेनन्स भागवायची ठेव, मागा. तीन लाखांचा कॉर्पस ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला तर महिन्याला 2,050 रुपये येतात आणि मेंटेनन्स बराचसा परस्पर भागतो. तेच तीन लाख, फक्त घरासकट.

हे सगळं वाचायला वकील लागेल आणि वकिलाला पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, मिळकत कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा आधी 15100 वर फोन करा. वाड्यातले बाकीचे भाडेकरू बरोबर आले तर फारच छान. बिल्डर एकेकाला वेगळा आकडा सांगतो आणि ‘बाकीच्यांनी सही केली’ हे प्रत्येकाला सांगतो. सगळे एकाच चटईवर बसले की हा खेळ संपतो.

मुलाकडे येतो. तुम्ही त्याच्याबद्दल मोजकंच लिहिलंय, त्यावरून तो वाईट माणूस वाटत नाही, घर लहान आणि हप्ते मोठे. तरी दोन गोष्टी स्वच्छ बोलतो. नवं घर मावशींच्या नावावर झालं की ‘आत्ताच माझ्या नावावर कर, नंतर कटकट नको’ हा विषय निघेलच. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), त्यामुळे मोह मोठा. मी प्रत्येक आईवडिलांना एकच सांगतो: बक्षीसपत्र नको, मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि मन बदललं तर ते बदलता येतं. तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर ‘मुलगा आईचा सांभाळ करील, मूलभूत गरजा भागवील’ ही अट त्यातच लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 अशा अटीवर उभं आहे. अट मोडली तर हस्तांतर रद्द करून मागता येतं, पण अट कागदावर नसेल तर ते फार जड जातं.

दुसरं म्हणजे पोटगी. त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो, वकिलाची गरज पडत नाही. महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो आणि 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. फार थोड्यांना माहीत आहे की या कायद्यातल्या निर्वाहाच्या व्याख्येत निवाराही येतो, नुसतं अन्नवस्त्र आणि औषध नाही. अर्ज मावशी राहतात त्या जिल्ह्यातही करता येतो आणि मुलगा राहतो तिथेही. मी मात्र आधी अर्ज टाकून मग बोला असं सांगत नाही. मुलगा महिन्याला दोन हजार देऊ शकतो का, हे एकदा जेवणं झाल्यावर सरळ विचारा. पुष्कळदा कुणी विचारलेलंच नसतं.

पैशांची दोन कामं मात्र याच महिन्यात करा. पतसंस्थेतली ठेव मुदत संपेल तशी काढा. बँकेतल्या ठेवींना, अगदी सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही, आणि एक टक्का जास्त व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवायचं हे वय नाही. चार लाख पोस्टात ठेवले तर वर्षाला 32,800 रुपये, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा. दुसरं, रेशनकार्ड कोणतं आहे ते बघा. पेन्शनचे वर्षाचे 22,200 आणि हे व्याज मिळून 55,000 होतात. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठीची मर्यादा 59,000 आहे, म्हणजे मावशी मोफत धान्याच्या यादीत बसू शकतात.

श्रावणबाळ योजनेच्या 1,500 रुपयांसाठी तहसीलच्या फेऱ्या मारू नका. 65 वर्षांची अट मावशी पार करतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 आहे आणि नुसती पेन्शनच 1,200 रुपयांनी वर जाते. महिन्याला 1,850 मिळवणारी बाई निराधार नाही, हे कुणी आणि कधी ठरवलं असेल ते असो. लाडकी बहीण योजना 65 वर्षांवर थांबते. मधल्या फटीत अशा किती मावशी अडकल्यात ते आमच्या केंद्राच्या बाकावर रोज दिसतं.

म्हाडाबद्दल. मिळकतीच्या दृष्टीने मावशी अत्यल्प उत्पन्न गटात सहज बसतात, त्या गटाची मर्यादा पुण्यात वर्षाला सहा लाख आहे. पण सोडतीत घर लागलं की पैसे भरावे लागतात, आणि अत्यल्प गटातलं घरही काही लाखांचं असतं. 67 व्या वर्षी बँक गृहकर्ज देत नाही, दिलं तर दोन-चार वर्षांच्या मुदतीचं, ज्याचा हप्ता पेन्शनच्या कितीतरी पट होतो. मुलगा सहकर्जदार होणार असेल तरच अर्ज करा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या शहरी टप्प्यात विधवा आणि ज्येष्ठांना प्राधान्य आहे, अडीच लाखांपर्यंत साहाय्य आहे आणि परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा भागही आहे. पण उरलेली रक्कम इथेही आपलीच. ‘म्हाडातलं घर आतून मिळवून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका. राज्याच्या मे 2025 च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा उल्लेख आहे, तो वाचायला बरा वाटतो. त्यावर विसंबून खोली सोडण्याइतकं अजून जमिनीवर काही नाही.

ज्यांच्याकडे मावशींसारखा जुना भाडेहक्क नाही त्यांच्यासाठी थोडं. मुंबई-ठाण्याकडे आणि आता पुण्यातही ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकार चालतो: पाच-सहा लाख एकरकमी द्या, महिन्याचं भाडं शून्य. निवृत्तीचे पैसे आलेल्या माणसाला हे सोन्यासारखं वाटतं. यातला धोका असा की ते घर बहुधा आधीच बँकेकडे गहाण असतं आणि मालकाला हप्ते भरायलाच तुमचे पैसे हवे असतात. त्याने हप्ते थकवले की बँक घर ताब्यात घेते आणि तुमची अनामत मालकाकडून वसूल करत बसायची. सत्तरीत तो दावा लढणार कोण? ठेव पोस्टात ठेवून व्याजातून भाडं भरा, खोली लहान घ्या. करार नोंदवा. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवर गृहीत धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. अकराऐवजी 24 किंवा 36 महिन्यांचा करार मागा. दरवर्षी सामान उचलणं तरुणांना जमतं. दोन ओळखीच्या बायकांनी मिळून एक घर घेणं हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो, फक्त करारात दोघींची नावं हवीत.

शहर सोडायची तयारी असेल तर सासवड, भोर, वाई अशा गावांत निम्म्या भाड्यात तळमजल्याची खोली मिळू शकते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडली की प्रवास मोफत, त्यामुळे ससूनला तपासायला येणं जमतं. पण ज्यांचं सगळं आयुष्य पेठेत गेलं, मंदिर, मंडई आणि हाक मारणारी माणसं तिथे आहेत, त्यांनी हा निर्णय नुसतं भाडं बघून घेऊ नये. आधी एक महिना राहून बघा.

मुंबईतल्या वाचकांसाठी म्हणून एक वाक्य: उपकरप्राप्त (दुरुस्तीचा सेस भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या जुन्या भाडेकरूला पुनर्विकासात किमान 300 चौरस फूट कार्पेटचं घर मिळण्याची तरतूद आहे, तेव्हा पागडीची खोली चार पैशांत विकण्याआधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात आपली इमारत कोणत्या यादीत आहे ते बघा.

राहिला वृद्धाश्रम. मावशींना आज त्याची गरज नाही, पण चौकशी गरज पडण्याआधीच करायची असते, कारण मोफत जागांना प्रतीक्षायादी असते. कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम सुचवलाय, पण ते शासनावर बंधनकारक नाही आणि प्रत्यक्षात भार संस्थांवरच आहे. जिल्ह्यातले अनुदानित वृद्धाश्रम आणि 1995 च्या मातोश्री योजनेतले वृद्धाश्रम यांची यादी सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात मिळते. नवी पेठेतल्या ‘निवारा’सारख्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या संस्थाही पुण्यात आहेत. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मोफत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालतो, तेही जवळच्या जागा सांगतात. जाहिरातीतल्या ‘सीनियर लिव्हिंग’च्या वाटेला जाऊ नका, ते या मिळकतीचं काम नाही.

वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा कार्यालयात बसू नका, जेवणाच्या वेळी जा आणि ताट बघा. मग चालकांना एकच प्रश्न नेमका विचारा: ‘माणूस अंथरुणाला खिळला की तुम्ही ठेवता का?’ बरेच ठेवत नाहीत. हिंडता-फिरता येतं तोवरच प्रवेश आणि त्यानंतर ‘पालकांनी घेऊन जावं’ अशी ओळ अर्जाच्या मागच्या पानावर असते. अनामत परत मिळते का, किती दिवसांत, दवाखान्याचा खर्च कोणाचा, पालक म्हणून सही कोणी करायची, हे लेखी घ्या. तुम्ही भाची म्हणून सही करणार असाल तर त्या सहीने तुमच्यावर काय काय येतं ते वाचून मगच करा.

विधी सेवा प्राधिकरणाकडे जाताना मावशींना बरोबर न्या, परस्पर तुम्ही बोलू नका. जागा त्यांची आहे, आणि 1979 पासून कोणत्या खोलीत कोण राहत होतं, मोरी कधी बांधली, माळा कुणी टाकला, हे त्याच सांगू शकतील. जाण्यापूर्वी पेटीतल्या प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ भाडेपावती कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका, अगदी आमच्यासुद्धा.